दोन पत्रे आणि एक कालवा: पोटोमॅकच्या काठावर कोणाची वाट जपली गेली?

१.
अमेरिकेच्या राजधानीपासून मेरीलँड राज्यातील कंबरलँड शहरापर्यंत पोटोमॅक नदीच्या काठाने २९७ किलोमीटरची एक पायवाट जाते. तिच्या एका अंगाला नदी आहे आणि दुसऱ्या अंगाला बहुतेक ठिकाणी कोरडा पडलेला, झाडोऱ्याने भरलेला जुना कालवा. या जागेच्या इतिहासात दोन पत्रे आहेत. एक १८२९ सालचे, गुलामीतून मोलाने सुटलेल्या माणसाचे. दुसरे १९५४ सालचे, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे. दोघांचेही मागणे एकाच जातीचे होते: जे नष्ट होऊ घातले आहे, ते राहू द्या. दुसऱ्या पत्रामुळे कालवा वाचला आणि ते प्रसिद्ध झाले. पहिले दप्तरात पडून राहिले. ही दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या वाटेचा इतिहास पुरा होत नाही, हे या थ्रेडचे म्हणणे आहे.

२.
सुरुवात नदीपासून. पोटोमॅक ही नकाशावर पश्चिमेकडे जाणारा सरळ मार्ग वाटते. प्रत्यक्षात ती ठायी ठायी खडकांवरून आपटत उतरते. राजधानीच्या वरच्या अंगाला लिटल फॉल्स आणि ग्रेट फॉल्स या दोन ठिकाणी नाव चालणेच शक्य नाही. हे अडथळे टाळून नदी वाहतुकीला खुली करावी, हे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे जुने स्वप्न होते. १७८५ मध्ये त्यासाठी ‘पटोमॅक कंपनी’ स्थापन झाली आणि वॉशिंग्टन तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची नदीवरील हक्कांबाबत माउंट व्हर्नन येथे बैठक झाली. त्या बैठकीतून पुढे १७८६ ची अ‍ॅनापोलिस परिषद आणि १७८७ ची फिलाडेल्फियाची संविधान परिषद उभी राहिली. एका नदीच्या पाण्याचा प्रश्न सोडवता सोडवता एका राष्ट्राची घटना लिहिली गेली, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती ठरू नये.

३.
या कंपनीच्या कामावर भाड्याने दिलेले गुलामही राबत होते. मालक आपला गुलाम कंपनीला वापरायला देई आणि मजुरी स्वतः घेई. १७७३ मध्ये गुलामीत जन्मलेला जॉर्ज पॉइंटर हा असाच कोवळ्या वयात कामावर आलेला मुलगा. विशीत पोहोचण्याआधीच त्याने स्वतःची किंमत मोजून स्वतःला सोडवून घेतले. पुढे तो कंपनीच्या नावांचा आणि नंतर बांधकामाचाही जाणकार झाला. देखरेखीचे काम त्याच्याकडे आले. नदीचा कोणता खडक कोणत्या पाण्यात वर येतो, हे त्याला तळहातासारखे ठाऊक होते. ग्रेट फॉल्सला वळसा घालणारा जलमार्ग १८०२ मध्ये पूर्ण झाला. वॉशिंग्टन तो पाहायला हयात नव्हते. १७९९ मध्येच त्यांचा मृत्यू झाला होता. पॉइंटर मात्र तेथेच होता.

४.
पटोमॅक कंपनी कधीच नीट चालली नाही. नदीला पाणी असेल तेव्हा नावा चालत. उन्हाळ्यात खडक उघडे पडत आणि पावसात लोंढा नावा आपटत असे. अखेर नदीचा नाद सोडून तिच्या शेजारी स्वतंत्र कालवा खणण्याचे ठरले आणि १८२८ मध्ये जुन्या कंपनीचे हक्क ‘चेसापीक अँड ओहायो कालवा कंपनी’कडे गेले. ४ जुलै १८२८ रोजी लिटल फॉल्सजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी पहिली कुदळ मारली. जमिनीत मूळ आडवे आले. फावडे आत जाईना. तेव्हा अध्यक्षांनी अंगातला कोट काढला आणि पुन्हा जोर लावला. जमाव खूश झाला.

५.
त्याच दिवशी बॉल्टिमोर शहरात दुसरा समारंभ चालू होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एकटेच हयात असलेले नव्वदीचे चार्ल्स कॅरल ‘बॉल्टिमोर अँड ओहायो’ रेल्वेचा पहिला दगड बसवत होते. कालवा आणि रेल्वे, दोघांनाही ओहायोच्या खोऱ्यात पोहोचायचे होते. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली. कालवा १८५० मध्ये पोहोचला आणि तेथेच थांबला. ओहायो हे नाव कालव्याच्या पाटीवर राहिले. ओहायोचे पाणी त्याने कधी पाहिले नाही.

६.
कालवा चालत कसा होता, हे समजल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. कंबरलँड ते राजधानी या अंतरात जमीन १८४ मीटर उतरते. पाण्याला तर सपाटी हवी. म्हणून कालवा पायऱ्यापायऱ्यांचा केला गेला आणि प्रत्येक पायरीवर जलपाश बांधला गेला: दोन्ही टोकांना लाकडी दारे असलेली दगडी कोठी. नाव आत घ्यायची, दारे लावायची, पाणी भरायचे किंवा सोडायचे, आणि नाव वर किंवा खाली जायची. असे ७४ जलपाश होते. वाटेत येणाऱ्या उपनद्या ओलांडायला ११ दगडी जलसेतू होते, म्हणजे पुलावरून रस्त्याऐवजी पाणी जायचे. नावांना शिडे वा वल्ही नव्हती; काठावरच्या वाटेने चालणारी खेचरे दोराने त्या ओढत. आज लोक ज्या वाटेने फिरतात, ती हीच खेचरांची वाट.

७.
या सगळ्या पाण्याचा उगम बंधाऱ्यांत होता. धरण पाणी साठवते; बंधारा पाणी अडवून त्याची पातळी थोडी उंचावतो आणि ते पाटात वळवतो. धुळे-नाशिकच्या फड पद्धतीचे बंधारे पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की फडाचे पाणी पिकाला जाई आणि पोटोमॅकचे पाणी नावेला. आराखड्यात नदीवर असे आठ बंधारे होते, एक ते आठ क्रमांकांचे. सातव्या क्रमांकाचा बंधारा कधी बांधलाच गेला नाही, तरी आठव्याचे नाव आठवाच राहिले. अर्धवट राहिलेल्या स्वप्नाची इतकी नेमकी खूण क्वचितच सापडते.

८.
चौथ्या बंधाऱ्याची हकिकत विशेष आहे. त्याच्या वरच्या अंगाला काठाचे कडे थेट नदीत उतरतात. तेथे कालवा खोदणे परवडणारे नव्हते. मग अभियंत्यांनी बंधाऱ्यामुळे तुंबलेल्या संथ पाण्याचाच उपयोग केला. जवळजवळ पाच किलोमीटर नावा कालव्यातून बाहेर पडून नदीतून जात आणि खेचरे कड्याला चिकटलेल्या अरुंद वाटेने चालत. या भागाला ‘बिग स्लॅकवॉटर’ म्हणतात. पुढे पुरांनी ही वाट खाऊन टाकली आणि वर्षानुवर्षे पायी जाणाऱ्यांना वळसा घालावा लागला. २०१२ मध्ये ती पुन्हा बांधून खुली झाली. जुन्या वास्तू ‘जशा होत्या तशा’ टिकतात, हा भाबडा समज येथे गळून पडतो. टिकवणे म्हणजे पुन्हा पुन्हा बांधणे.

९.
आता पहिले पत्र. सप्टेंबर १८२९. कालव्याचे काम सुरू होऊन वर्ष लोटले होते आणि आखणीची रेषा लिटल फॉल्सजवळ पॉइंटरच्या झोपडीपर्यंत आली होती. छपन्न वर्षांच्या या माणसाने नव्या कंपनीचे अध्यक्ष आणि संचालक यांना दीर्घ पत्र लिहिले. त्यात त्याने जुन्या कंपनीचा अवघा इतिहास सांगितला: कोण आले, काय बांधले, वॉशिंग्टन पाहणीला येत तेव्हा काय घडे, आणि आपण स्वतः काय काम केले. एवढे सांगून झाल्यावर त्याने विनंती केली की आपले घर वाचावे. हे पत्र आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

१०.
या पत्राची रचना विचार करायला लावणारी आहे. घर वाचवायचे तर माणूस दयेची याचना करतो, किंवा कागदपत्रे पुढे करतो. पॉइंटरने इतिहास पुढे केला. ‘या नदीवरचे काम मी केले आहे, म्हणून या काठावर माझा हक्क आहे’ हा त्याच्या युक्तिवादाचा आशय. पटोमॅक कंपनीच्या कामाचे, काम करणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेले इतके तपशीलवार वर्णन दुसरे मिळणे कठीण. म्हणजे, या कालव्याच्या काठावरचा पहिला इतिहासकार आणि वारसा जपण्यासाठी अर्ज करणारा पहिला माणूस, हे दोन्ही एकच होते. आणि तो एकेकाळचा गुलाम होता.

११.
कालवा खणणाऱ्यांची स्थिती पॉइंटरहून फार बरी नव्हती. स्थानिक मजूर पुरेसे मिळेनात, तेव्हा कंपनीने १८२९ मध्ये ब्रिटिश बेटांतून कराराने बांधलेले मजूर जहाजांनी आणले. जाण्याचा खर्च कामातून फेडायचा, असा तो करार. अनेक जण पळून गेले. कंपनीने त्यांच्यावर खटले भरले. पाठोपाठ आयरिश मजुरांचे तांडेच्या तांडे आले. १८३२ मध्ये पटकीची साथ कालव्याच्या रेषेवरून फिरली आणि छावण्यांतली माणसे पटापट मेली. त्या मृतांची नावे कोणत्याही जलपाशावर कोरलेली नाहीत. प्रतिष्ठितांची, म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांची आणि अभियंत्यांची नावे मात्र मोनोकॅसीच्या जलसेतूवरील दगडात आजही वाचता येतात.

१२.
जानेवारी १८३४ मध्ये विल्यम्सपोर्टजवळ आयर्लंडच्या कॉर्क भागातून आलेले आणि लाँगफर्ड भागातून आलेले मजूर एकमेकांवर तुटून पडले. माणसे मेली. वरवर पाहता हा दोन टोळ्यांचा प्रांतीय हाडवैराचा खेळ. पण कंपनीची तिजोरी रिकामी होत होती, कपातीची धास्ती होती, आणि उरलेले काम आपल्याच गटाला मिळावे ही धडपड त्या मारामारीच्या मुळाशी होती. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी संघराज्याचे सैन्य पाठवले. मजुरांच्या तंट्यात केंद्रीय सैन्य वापरण्याचा अमेरिकेतील हा पहिला प्रसंग मानला जातो. आज तेथून सायकलवर जाणाऱ्याला फक्त झाडांची सावली दिसते.

१३.
पॉ पॉ येथील बोगदा हे या मजुरीचे सर्वांत मोठे स्मारक. नदी तेथे वेडीवाकडी वळणे घेते. ती टाळण्यासाठी डोंगरातून ९५० मीटर लांबीचा बोगदा काढायचे ठरले. कंत्राटदाराला वाटले, दोन वर्षांत काम होईल. खडक ठिसूळ निघाला, पैसा संपला, मजुरी थकली, दंगे झाले. १८४२ मध्ये कालव्याचे कामच ठप्प झाले, ते १८४७ मध्ये पुन्हा सुरू झाले. १८३६ मध्ये सुरू झालेला बोगदा १८५० मध्ये पूर्ण झाला, म्हणजे दोन वर्षांच्या कामाला चौदा वर्षे लागली. आत विटांचे सुमारे साठ लाखांचे अस्तर आहे. बाजूच्या लाकडी कठड्यावर दोराच्या घासण्याने पडलेल्या खाचा अजून हाताला लागतात. कागदपत्रांत न सापडणारी रोजची मेहनत त्या खाचांत उतरलेली आहे.

१४.
कालवा पूर्ण झाला तेव्हाच कालबाह्य झाला होता, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. रेल्वे वेगवान होती हे खरे. पण कंबरलँडच्या खाणींतला कोळसा वेगाची वाट पाहत नव्हता, त्याला स्वस्त भाडे हवे होते. १८७० च्या दशकात शेकडो नावा चालत होत्या आणि १८७५ मध्ये मालवाहतूक दहा लाख टनांच्या जवळ पोहोचली. सुमारे अठ्ठावीस मीटर लांबीच्या एकेका नावेवर अख्खे कुटुंब राही. पुढच्या टोकाला खेचरांचा तबेला, मागे स्वयंपाक-झोपण्याची खोली, मध्ये कोळसा. खेचरांमागे चालण्याचे काम बहुधा मुलांकडे असे. शाळा हिवाळ्यात, कालव्याचे पाणी सोडून दिल्यावर. जलपाशाचा राखणदार तेथल्याच दगडी घरात राही आणि रात्रीबेरात्री शिंगाचा आवाज आला की दारे उघडायला उठे.

१५.
पोटोमॅक ही गुलामीचे राज्य आणि संघराज्य यांमधली सीमा ठरली, तेव्हा कालवा युद्धात ओढला गेला. डिसेंबर १८६१ मध्ये दक्षिणेचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सन पाचवा बंधारा फोडायला आला. हिशेब सरळ होता: बंधारा फुटला की कालव्याचे पाणी तुटेल आणि राजधानीचा कोळसा थांबेल. थंडगार पाण्यात उतरून त्याच्या माणसांनी लाकडी चौकटी तोडल्या. पलीकडून गोळ्या चालल्या. नुकसान थोडे झाले आणि लवकर दुरुस्तही झाले. सप्टेंबर १८६२ मध्ये मोनोकॅसीचा १५७ मीटर लांबीचा, सात कमानींचा जलसेतू उडवण्याचाही प्रयत्न झाला. दगडी काम इतके पक्के निघाले की तो बेत सोडून द्यावा लागला. युद्धाच्या कितीतरी आधीपासून हीच वाट उत्तरेकडे पळणाऱ्या गुलामांच्याही पायांखाली आली होती. रस्ता ठाऊक नसलेल्या माणसाला कालव्याची ओळ चुकू देत नसे.

१६.
कालव्याचा शेवट पाण्याने केला. मे-जून १८८९ मध्ये ज्या वादळी पावसाने जॉन्सटाउन शहर वाहून नेले, त्याच पावसाने पोटोमॅकला महापूर आला आणि कालव्याची धूळधाण उडाली. कंपनी बुडाली. सर्वांत मोठी रोखेधारक होती तीच जुनी प्रतिस्पर्धी, बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वे. कालव्याची जागा दुसऱ्या रेल्वेच्या हाती पडू नये म्हणून तिने तो ताब्यात घेऊन दुरुस्त केला आणि चालू ठेवला. १९२४ चा पूर आला, तेव्हा दुरुस्ती कोणालाच परवडणारी नव्हती. नावा जेथे होत्या तेथे कुजल्या. राखणदार काही वर्षे घरांत राहिले, मग तेही गेले.

१७.
१९३८ मध्ये सरकारने रेल्वेकडून संपूर्ण कालवा वीस लाख डॉलरना विकत घेतला. महामंदीचे दिवस होते. बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’च्या दोन तुकड्या कार्डरॉक येथे छावणी करून राहिल्या आणि जॉर्जटाउनपासूनचा सुमारे ३५ किलोमीटरचा भाग त्यांनी पुन्हा उभा केला. त्यांनी गाळ काढला, भिंती सांधल्या, वाट रुंद केली. या दोन्ही तुकड्या कृष्णवर्णीय तरुणांच्या होत्या. वंशभेदाच्या नियमाने त्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस घरी पाठवायचे. राजधानीजवळ आज जो पाण्याने भरलेला, छायाचित्रांत दिसणारा कालवा आहे, तो पुन्हा उभा करणारे हात या मुलांचे होते.

१८.
दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचे युग आले. १९५० मध्ये कालव्याच्या मार्गावरून रम्य मोटाररस्ता काढण्याची योजना मांडली गेली. तिच्यामागे कोणी खलपुरुष नव्हते. राष्ट्रीय उद्यान सेवाच या कल्पनेच्या बाजूने होती. युक्तिवाद असा: नदीचा काठ मूठभर चालणाऱ्यांपुरता का राहावा? म्हातारी माणसे, लहान मुले असलेली कुटुंबे, सामान्य नोकरदार यांना मोटारीतून तो पाहता यावा. ३ जानेवारी १९५४ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून या योजनेला पाठिंबा दिला. लोकशाहीचे नाव घेऊन केलेला हा युक्तिवाद आजही प्रत्येक जुन्या पायवाटेच्या बाबतीत ऐकू येतो, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये.

१९.
आता दुसरे पत्र. १९ जानेवारी १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी त्या दैनिकाला लिहिले. राजधानीच्या मागच्या दाराशी इतका दीर्घ निवांतपणा दुसरीकडे नाही, मोटारीच्या भोंग्यांनी तो संपेल, असा त्याचा सूर होता. शेवटी आव्हान होते: अग्रलेख लिहिणाऱ्याने आपल्याबरोबर संपूर्ण कालवा पायी चालावा. संपादकांनी आव्हान स्वीकारले. २० मार्चला कंबरलँडहून मोठा मेळा निघाला. त्यात ओलाउस म्युरी, सिगर्ड ओल्सन यांच्यासारखे निसर्गरक्षकही होते. पायांना फोड आले, लोक गळत गेले. २७ मार्चला राजधानीत पोहोचलेल्यांपैकी संपूर्ण अंतर पायी चाललेले फक्त नऊ जण होते. डग्लस त्यांच्यापैकी एक होते, वय पंचावन्न.

२०.
हा प्रवास वर्तमानपत्रांनी दररोज छापला. चालून झाल्यावर ‘पोस्ट’ने आपली भूमिका बऱ्याच अंशी बदलली. डग्लस यांच्या पुढाकाराने समिती बनली, तिची पुढे कायमची संघटना झाली. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कालव्याच्या वरच्या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. तरी धोका टळला नव्हता. १९६० च्या दशकात सेनेकाजवळ मोठे धरण बांधण्याचा प्रस्ताव आला. तो अमलात आला असता तर कालव्याचा मोठा पट्टा जलाशयाखाली गेला असता. ज्या नदीवर बंधारे बांधून कालवा जगला, त्याच नदीवरच्या धरणाने तो बुडाला असता. धरण झाले नाही. ८ जानेवारी १९७१ रोजी कालवा ‘राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान’ झाला. १९७७ मध्ये ते डग्लस यांना अर्पण करण्यात आले.

२१.
डग्लस बरोबर होते. हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. मोटाररस्ता झाला असता तर जलपाश उरले असते, पण रस्त्याकडेच्या शोभेच्या वस्तू म्हणून. कालवा ही एक वास्तू नाही. ती २९७ किलोमीटरची सलग यंत्रणा आहे. तिचा अर्थ तिच्या सलगतेत आहे. एका जलपाशापासून दुसऱ्यापर्यंत चालताना अंतर, चढ आणि वेळ अंगावर घेतल्याशिवाय खेचराची चाल कळत नाही. मोटारीच्या खिडकीतून नदी दिसली असती. कालवा कळला नसता. ज्या वेगासाठी वस्तू बांधली गेली, त्या वेगानेच ती समजते.

२२.
पण डग्लस ज्या कारणाने जिंकले, त्या कारणाची किंमतही मोजावी लागली. त्यांच्या युक्तिवादात कालवा प्रामुख्याने निसर्ग होता: पक्षी, झाडे, शांतता. शंभर वर्षांपूर्वी हीच जागा शिंगांचे आवाज, कोळशाची धूळ, खेचरांची लीद, मजुरांच्या छावण्या आणि भांडणे यांनी गजबजलेली होती. ज्याला आज ‘निवांतपणा’ म्हणतात, तो दिवाळखोरीनंतर आलेला सन्नाटा आहे. निसर्ग म्हणून वाचवलेली वास्तू लोकांना निसर्ग म्हणूनच आठवते. त्यात पटकीने मेलेला मजूर, नावेवर वाढलेले मूल आणि कार्डरॉकचा तरुण हळूहळू दिसेनासे होतात. त्यांना कोणी मुद्दाम पुसले नाही, झाडांनी झाकले.

२३.
यावर एक आक्षेप येईल. दर वर्षी लाखो लोक मोकळी हवा घ्यायला या वाटेवर येतात. त्यांच्यावर इतिहासाचे ओझे का लादावे? प्रश्न रास्त आहे. फिरायला आलेल्याची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु ही वाट सार्वजनिक पैशाने ‘ऐतिहासिक’ म्हणून जपली जाते. डग्लस यांचा अर्धपुतळा जॉर्जटाउनमध्ये आहे, वॉशिंग्टन यांच्या स्वप्नाची गोष्ट ग्रेट फॉल्सला सांगितली जाते. म्हणजे ओझे आधीच आहे; प्रश्न फक्त कोणाचे नाव उचलायचे इतकाच उरतो. अलीकडच्या काळात उद्यान सेवा मजुरांच्या, गुलामांच्या आणि कार्डरॉकच्या तुकड्यांच्या कथा सांगू लागली आहे, हे चांगले आहे. ती या वाटेची तळटीप न राहता मुख्य कथा व्हायला हवी.

२४.
पॉइंटरच्या वंशजांचे पुढे काय झाले, ते पाहिले की हा आग्रह का, ते कळते. त्याच्या नातीच्या कुटुंबाने राजधानीच्या वायव्य भागात जमीन घेऊन घर केले, शेती केली. पिढ्या गेल्या, भोवती गोऱ्यांची वस्ती वाढली. १९२८ मध्ये केवळ गोऱ्या मुलांसाठी शाळा बांधायची म्हणून सरकारने त्यांना तेथून उठवले. शंभर वर्षांत एकाच कुटुंबाच्या दारात सार्वजनिक हिताची आखणी-रेषा दोनदा आली: एकदा कालव्याची, एकदा शाळेची. त्या शाळेलगतच्या बागेच्या नावात अलीकडे पॉइंटरचे नाव जोडले गेले आहे. नाव लिहायला पत्रानंतर जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

२५.
जुना कालवा, बंधारा, घाटवाट, बंद पडलेली रेल्वे. कोठेही अशी पायवाट करायची चर्चा निघाली की दोन प्रश्न एकत्र विचारावेत. येथे रस्ता झाला तर काय नष्ट होईल? आणि केवळ हिरवी पायवाट झाली तर काय विसरले जाईल? पहिला प्रश्न विचारायला १९५४ मध्ये एका न्यायमूर्तींनी आपले आठ दिवस आणि आपले पाय दिले, म्हणून आज कालवा उभा आहे. दुसरा प्रश्न १८२९ मध्येच विचारला गेला होता. तो विचारणाऱ्या माणसाला नदी ठाऊक होती, कंपनीचा इतिहास ठाऊक होता, लिहिताही येत होते. त्याच्या शब्दाला वजन देणारे पद तेवढे त्याच्याकडे नव्हते.